मुंबईत इराणी, खानावळ आणि परमिट रूम: कधी जायचं, काय मागवायचं

मुंबईतली जुनी, नावाजलेली हॉटेलं बघायला निघालेल्यांची निराशा होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. जागा बरोबर असते, वेळ चुकते. संध्याकाळी सहाला बॅलार्ड इस्टेटमध्ये बेरी पुलाव शोधायचा, जुलैत ताज्या पापलेटचा हट्ट धरायचा, आषाढी एकादशीला बार गाठायचा, हे सगळे त्याच चुकीचे प्रकार. या प्रत्येक जागेचं स्वतःचं घड्याळ आहे आणि तिथला पदार्थ त्या घड्याळावर चालतो. ते कळलं की निम्मं काम झालं.

वार निवडताना बुधवार किंवा शुक्रवार धरा. मराठी घरांतले हे मांसाहाराचे वार, त्यामुळे मासळीच्या खानावळींत माल भराभर खपतो आणि तव्यावर ताजाच येतो. रविवारीही खपतो, पण दादरला तासभर फुटपाथवर उभं राहायची तयारी हवी. सोमवारी माटुंग्यातली काही जुनी उडुपी बंद असतात, म्हणून तिकडे जायचं तर आधी फोन करा. दिवसाला खाण्याच्या दोन-तीन जागा आणि रात्री एखाददुसरा बार एवढंच ठरवा. दोघं असाल तर प्रत्येक ठिकाणी एकेक पदार्थ मागवून वाटून खा. पहिल्याच टेबलावर पोट भरलं की पुढचा दिवस वाया जातो.

सकाळ इराण्याची

सुरुवात धोबी तलावाच्या कयानीपासून करा. १९०४ सालचं इराणी हॉटेल, मेट्रो सिनेमासमोर. मरीन लाइन्स स्टेशनला पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटांच्या आत पोचता येतं. सकाळी नऊच्या आधी गेलात तर हवं ते टेबल मिळतं. अकरानंतर फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते आणि वेटरला तुमच्याकडे बघायला वेळ उरत नाही.

बन आणि ब्रून यांत गोंधळ करू नका. बन मऊ आणि किंचित गोड. ब्रून वरून कडक, आतून जाळीदार. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला ब्रून, मागवलात तर तो चहात बुडवायचाच, नाहीतर टाळू सोलून निघेल. बुडवून तीन-चार सेकंदांत बाहेर काढा. कडा नरम होतात, मधला भाग धरून राहतो, आणि मस्का वितळून चहावर तुपकट तवंग येतो. तो तवंग दिसला की समजा बरोबर चाललंय. बन मात्र इतका वेळ ठेवलात तर तुटून कपात पडतो. त्याला नुसता स्पर्श पुरे.

खिमा पाव आणि अकुरी यांतलं एकच मागवा. अकुरी म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेली पारशी पद्धतीची अंडी, आणि ती ओलसरच हवी. भुर्जीसारखी कोरडी झाली तर मजा गेली, म्हणून ऑर्डर देतानाच ‘थोडी ओली ठेवा’ असं सांगा. शेवटी मावा केक, आणि तो सकाळीच खा, संध्याकाळपर्यंत कोरडा पडतो. लाल रास्पबेरी सोडा एकदा चाखून बघायला हरकत नाही, पण तो फार गोड असतो, दोघांत एक बाटली पुरते.

इराण्याकडे वेटर मागे लागत नाही, आणि तुम्हीही त्याच्या मागे लागू नका. टेबलावर आधीच कुणी बसलेलं असेल तर ‘बसू का?’ विचारून समोर बसायचं, ही तिथली रीतच आहे. एकट्या माणसाला त्यामुळे लगेच जागा मिळते. खाणं झाल्यावर मात्र रेंगाळू नये. दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही ऑफिस गाठायचं असतं.

दुपारी पुलाव किंवा मासे

दोन्ही एका दिवशी जमत नाहीत. एक ठरवा.

पुलाव ठरला तर बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ सालचं. सीएसएमटीहून चालत पंधरा मिनिटं. ते मुख्यतः दुपारच्या जेवणासाठीच चालतं. साडेबाराच्या आत पोचा, कारण एक वाजता आसपासची ऑफिसं सुटतात. बेरी पुलावातली बेरी म्हणजे इराणी झरेश्क, लहान, लालभडक आणि चांगलीच आंबट. भातात ती एका बाजूला गोळा झालेली असते, म्हणून आधी सगळं ताटात नीट मिसळून घ्या, नाहीतर दोन घास आंबट आणि बाकीचे सपक लागतात. पोर्शन मोठा असतो, दोघांत एक पुलाव आणि एक सल्ली बोटी (वर बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या घातलेलं पारशी मटण) भरपूर होते. कॅरॅमल कस्टर्डसाठी पोटात जागा ठेवा.

मासे ठरले तर दादर पश्चिम गाठा. सिंधुदुर्ग, सचिन, चैतन्य ही मालवणी जेवणाची नावं एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे एका ठिकाणी रांग दिसली तर दुसरीकडे वळता येतं. दाराशी वहीत नाव लिहून घेतात. नाव दिल्यावर लांब जाऊ नका. पुकारा झाला आणि तुम्ही नसलात तर नंबर खाली जातो, मग भांडून उपयोग नाही.

मागवायच्या आधी महिना आठवा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताटात येणारं पापलेट-सुरमई बर्फातलं तरी असतं, नाहीतर दुसऱ्या राज्यातून आलेलं. पावसाळ्यात कोलंबी, सुकट, सुक्या बोंबलाची चटणी असं मागवणं शहाणपणाचं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा जोमाने दर्यात उतरतात, पण तेव्हा श्रावण चालू असतो आणि बरेच मराठी गिऱ्हाईक मासे सोडून बसलेलं असतं. तुम्ही श्रावण पाळत नसाल तर दादरच्या खानावळीत निवांत टेबल मिळायचे हेच दिवस. उलट श्रावण लागायच्या आधी, गटारीच्या सुमारास, तिकडे फिरकू नका.

बोंबील फ्रायवरून खानावळीची परीक्षा करता येते. बोंबलात पाणी फार. तो चिरून, काटा काढून, वजनाखाली दाबून ठेवला तरच आतलं पाणी निघतं आणि रव्याचं आवरण कुरकुरीत राहतं. दाबायचा कंटाळा केला की तव्यावर पाणी सुटतं, रवा सुटून येतो आणि ताटात गिळगिळीत पट्टी पडते. चांगला बोंबील चपटा दिसतो, बोटाने उचलला तर वाकतो पण तुटत नाही. तो तसा आला तर पुढे बिनधास्त मागवा. नाही आला तर थाळीवर भागवा आणि महागडं पापलेट टाळा.

मेन्यूत किमतीच्या जागी ‘साइजप्रमाणे’ असं लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्याआधी आकडा विचारा. अख्खं पापलेट, खेकडा, मोठी सुरमई यांवरच बिलं फुगतात. विचारण्यात कमीपणा काही नाही, नेहमीचं गिऱ्हाईकही विचारतं. सोलकढी भाताबरोबर संपवू नका, शेवटी पिण्यासाठी अर्धी वाटी ठेवा.

शाकाहारी असाल तर दादरलाच प्रकाश आणि आस्वाद आहेत. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं होतं, तेव्हापासून रांग वाढली ती वाढलीच. साबुदाणा वडा आला की फोटोत वेळ घालवू नका. गार होऊ लागला की साबुदाणा चिवट होतो, पाच मिनिटांत चव बदलते. प्रकाशकडे पियुष घ्या, पण मिसळीनंतर लगेच नको, जायफळाचा वास तिखटाखाली दबतो. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२) केळीच्या पानासाठी प्रसिद्ध आहे. तिथे आधी कुपन, मग जेवण. बाराच्या ठोक्याला पोचलात तर रांग लहान असते.

परमिट रूम म्हणजे काय

बारच्या पाटीवरचा हा शब्द १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आला. त्या कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० चा आणि आयुष्यभराचा १,००० चा. बारमध्ये सहसा कुणी विचारत नाही, पण नेहमी जाणाऱ्याने आयुष्यभराचा काढून ठेवावा, उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. वयाची अट बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. तरुण दिसत असाल तर ओळखपत्र जवळ असू द्या.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी हे ठळक ड्राय डे. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही बंद. बाहेरगावाहून येणाऱ्यांची फजिती बहुतेक याच तारखांना होते.

मापं अशी: स्मॉल ३० मिली, लार्ज ६०, निप ९०, क्वार्टर १८०. म्हणजे एका क्वार्टरचे तीन लार्ज. दोघांनी बसायचं आणि ब्रँड एकच असेल तर सुटे पेग मागवण्याऐवजी क्वार्टर मागवा, स्वस्त पडतं. बाटली टेबलावर आणायला सांगा आणि सील तुमच्यासमोर फोडू द्या. चांगला वेटर न सांगताच तसं करतो.

त्याच बारमध्ये साध्या हॉलचा आणि एसी सेक्शनचा भाव वेगळा असतो. जिना चढण्याआधी दरांचं कार्ड बघा. चखण्यात उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडी असं काहीतरी बहुतेक ठिकाणी फुकट येतं. मसाला पापड, चणा कोळीवाडा, चीज चेरी पाइनॅपल यांचे पैसे लागतात. न मागवता टेबलावर ठेवलेली सोड्याची किंवा पाण्याची बाटली फोडली की ती बिलात येते. नको असेल तर तेव्हाच परत द्या.

साध्या क्वार्टर बारमध्ये गिऱ्हाईक जवळजवळ सगळं पुरुषांचं असतं. बायका बरोबर असतील तर वरच्या एसी सेक्शनमध्ये बसा किंवा सर्व तऱ्हेची गर्दी असलेली जागा निवडा. वांद्र्याचं जनता (पाली नाका) आणि कुलाब्यात ताजच्या मागचं गोकुळ या तशा जागा आहेत. दोन्हीकडे शुक्रवारी-शनिवारी आठनंतर उभं राहावं लागतं, सातला जा.

सजवलेले बार

यांत पहिला मान कॅफे मोंडेगारला. कुलाबा कॉजवेवरच्या या जागेच्या भिंतींवर गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं आहेत, एका भिंतीवर मुंबईचं जगणं आणि दुसरीवर खुद्द कॅफेचा माहोल. ती पाहायची तर दुपारी चारला जा. रात्री डोक्यांच्या गर्दीत भिंत दिसत नाही आणि ज्यूकबॉक्सपुढे बोलता येत नाही. चित्र एका टोकापासून वाचत जा. प्रत्येक चेहरा वेगळा आहे आणि कोपऱ्यातल्या कुत्र्या-मांजरांनाही आपापलं काम आहे. जवळच लिओपोल्ड, १८७१ चं. २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा तिथे अजून जपून ठेवल्या आहेत. तिथे आवाज थोडा कमी ठेवावा.

वांद्र्याचं टोटोज गॅरेज मोटार वर्कशॉपसारखं सजवलंय, बारच्या वर अख्खी बीटल गाडी आहे. जागा लहान, संगीत मोठं. चौघांपेक्षा जास्त जण असाल तर नेऊ नका. बिअरचा पिचर (मोठा जग) मागवताना तो किती लिटरचा ते विचारा, प्रत्येक बारचं माप वेगळं.

बार स्टॉक एक्स्चेंज या मुंबईत सुरू झालेल्या साखळीत पेयाचा भाव शेअरसारखा हलतो. मागणी वाढली की चढतो, कमी झाली की उतरतो. लोक चुकतात ते इथे: सगळे पितात तेच मागवून चढ्या भावाला घेतात. गर्दीच्या आधी जा, पडद्यावर दहा मिनिटं नुसती नजर ठेवा, आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते पेय घ्या.

ताजमहाल पॅलेसमधला हार्बर बार १९३३ चा, मुंबईतला पहिला परवानाधारक बार म्हणून ओळखला जातो. महाग आहे, पण एका पेयापुरतं जावं. खिडकीजवळची जागा मागा. समोर गेटवे आणि बंदर दिसतं. तोंड पूर्वेला असल्याने समुद्रात बुडणारा सूर्य दिसणार नाही, म्हणून सूर्यास्ताची वाट न बघता पाचच्या उजेडात जा. चप्पल-हाफपँट नको. तिथून गोकुळ चालत पाच मिनिटांच्या आत. ही दोन्ही एकाच संध्याकाळी, याच क्रमाने केलीत तर मुंबईच्या पिण्याची दोन टोकं दिसतात.

बिल आणि परतीची गाडी

बिल दोन भागांत वाचा. जेवणावर सहसा ५ टक्के जीएसटी. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा कर. सर्व्हिस चार्ज परस्पर लावलेला असेल तर काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो सक्तीचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली आहेत. काढलात तर वेटरच्या हातात टिप द्या. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, तरी खिशात सुट्ट्या नोटांत पाचशे रुपये ठेवा. जाड दगडी भिंतींच्या जुन्या इमारतींत नेटवर्क नेमकं बिलाच्या वेळी जातं.

गाडी घेऊन जाऊ नका. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि नाकाबंदी दक्षिण मुंबईतून बाहेर पडायच्या वाटांवरच असते. बारला रात्री दीडपर्यंत परवानगी असली तरी शेवटची ऑर्डर त्याच्या बरीच आधी घेतात. लोकल तेवढी थांबत नाही. चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या सुमारास सुटते, सीएसएमटीहून त्याच्याही आधी, आणि लांबच्या स्टेशनांची त्याहून आधी. लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या एम-इंडिकेटर ॲपवर तुमच्या स्टेशनची शेवटची गाडी पहिला पेग मागवायच्या आधी बघून ठेवा, आणि कुलाब्याहून चर्चगेटला पोचायला टॅक्सीची पंधरा मिनिटं धरा.