माडाचा गूळ, चार दाणे मेथी आणि काजूचं दूध: घरची मेपल कॉफी

कॅफेच्या फळ्यावर खडूने ‘मेपल नट लाटे’ लिहिलेलं असतं, आणि समोर जो आकडा असतो त्यात आमच्या घरी एका वेळचे बांगडे येतात. असतं काय त्या कपात? कडक कॉफी, दूध, भाजलेल्या सुक्या मेव्याची चव आणि मेपलच्या पाकाचा गोडवा. मेपल सोडलं तर बाकी सगळं गोव्यात दाराशी मिळतं. मेपलची सोयसुद्धा होते, फक्त ती मसाल्याच्या डब्यातून करावी लागते.

आधी मेपलचं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. जगातलं बहुतेक मेपल सिरप कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होतं. हिवाळा सरत आला, रात्री पाणी गोठतंय आणि दिवसा वितळतंय अशा दिवसांत शुगर मेपलच्या खोडाला भोक पाडून रस काढतात. हा रस दिसायला पाणीच. साखर असते जेमतेम 2 टक्के. म्हणून साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा कुठे 1 लिटर सिरप हाती लागतं, आणि बाटली एवढी महाग का हेही तिथेच कळतं.

आता आपल्याकडे या. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावर चढतो, न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, बांधून तिचं टोक तासतो आणि सूर, म्हणजे ताजी माडी, उतरवतो. गुळासाठी काढायची असेल तर ती आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना फासतात. मग ती चुलीवर आटवायची, की झाला माडाचा गूळ. तिथे खोड, इथे पोय. तिथे बर्फ, इथे घाम. पण दोन्हीकडे झाडाचा रसच आटवलेला. म्हणून मेपलच्या जागी मी उसाचा गूळ घेत नाही. उसाच्या गुळाने कॉफीला चिक्कीची चव येते. वाईट नसते, पण ती चिक्की असते. माडाच्या गुळात धूर असतो, किंचित खारटपणा असतो आणि जळू-जळू झालेल्या साखरेचा वास असतो. निम्मं काम तिथेच होतं.

गूळ निवडून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुंभाच्या जुड्या आणि चोरीसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा ओलांडून पुढे गेलं की गुळवाल्या बायका बसलेल्या असतात. काळपट, बोटाला किंचित चिकटणारा, नखाने कोरला तर दबणारा गूळ घ्या. पिवळसर, दगडासारखा कडक आणि दाताखाली कचकचणारा असेल तर त्यात साखर ढकललेली आहे असं मी धरते. बाई म्हणेल, ‘हातूंत साकर ना, खावन पळय.’ मग खाऊनच बघा, तिनेच सांगितलंय. पावसाळ्यात हा गूळ पाझरतो. त्याला इलाज नाही, बरणीत घालून फ्रीजमध्ये टाका.

उरलेलं निम्मं काम मेथीचं. मेपलच्या वासात सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं आणि तेच मेथीच्या दाण्यातही भरपूर असतं. परदेशात नकली मेपल इसेन्ससाठी मेथीचा अर्क वापरतात तो याचमुळे. 2005 पासून न्यूयॉर्क शहरात अधूनमधून हवेला मेपल सिरपचा वास यायचा, लोक घाबरून फोन करायचे. 2009 मध्ये छडा लागला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीवर प्रक्रिया चालायची, वारा फिरला की वास शहरात. आमच्या स्वयंपाकघरात तो रोज येतो आणि कोणी फोन करत नाही.

मग मेथी घातलेल्या वरणाला मेपलचा वास का येत नाही? कारण हे द्रव्य थोडं असलं तर पाकासारखं, कॅरॅमलसारखं लागतं. जास्त झालं की सरळ करीचा वास. म्हणजे सगळा खेळ मात्रेचा. पाव चमचा म्हटलं की पावच. ‘बघू, अजून चिमूटभर’ असं केलंत तर कपातून लोणच्याच्या फोडणीचा वास येईल.

पाकासाठी 200 ग्रॅम गूळ चिरून घ्या आणि त्यात अर्धा कप, म्हणजे साधारण 120 मिली पाणी घालून मंद आचेवर विरघळू द्या. विरघळला की गाळा. हे टाळू नका. माडाच्या गुळात राख, काटक्या आणि कधीकधी मुंगळेही निघतात. गाळलेला पाक पुन्हा आचेवर ठेवून पाचेक मिनिटं उकळा. तोवर दुसऱ्या बाजूला लोखंडी कढईत किंवा तव्यावर पाव चमचा मेथी मंद आचेवर भाजा. इथे मोबाईल हातात घेऊ नका. दाणे आधी पिवळेच दिसतात, वासही कच्च्या भाजीसारखा असतो. मग एकदम रंग बदलून बदामी होतात आणि एक-दोन तडतडतात. त्या क्षणी वास बदलतो, कडू हिरवा जाऊन गोडसर तपकिरी येतो. तवा तिथेच उतरवा. आणखी अर्धा मिनिट गेला की दाणे लाल-काळे पडतात, आणि तो कडूपणा गुळाने झाकत नाही.

पाक आचेवरून उतरवा, दाणे अख्खेच त्यात टाका आणि वर झाकण ठेवा. दाणे कुटू नका. कुटलं की कडूपणा उतरतो आणि मेथीचा बुळबुळीतपणाही येतो. दहा मिनिटांनी झाकण काढून वास घ्या, मनासारखा आला की गाळा, नाहीतर आणखी पाच मिनिटं. चिमूटभर मीठ घाला. थंड झाल्यावर पाक मधापेक्षा जरा पातळ राहायला हवा; घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी घाला. काचेच्या स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन आठवडे आरामात टिकतो. डोशावर, केळ्यावरही चांगला लागतो.

माझी भाची कॅनडात ब्राम्पटनला असते. सुट्टीत आली तेव्हा तिने हा पाक बोटाने चाटून निकाल दिला, ‘मामी, हे मेपल नाही. पण तिकडे विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं.’ मला तेवढं पुरे आहे. तुमच्याकडेही कोणी तिकडून येणार असेल आणि खरी बाटली आणायचं विचारत असेल तर डार्क किंवा व्हेरी डार्क प्रतीचं सांगा. फिकट सोनेरी सिरप पॅनकेकवर छान, कॉफीत ते बुडून जातं. आणि इथल्या दुकानात ‘मेपल फ्लेवर्ड’ लिहिलेली बाटली दिसली तर मागचं लेबल वाचा. बहुतेकदा तो मक्याच्या साखरेचा पाक आणि रंग असतो. त्यापेक्षा आपली मेथी हजारपट प्रामाणिक.

आता काजू. तिकडे या कॉफीत पेकान नावाचा अक्रोडासारखा मेवा घालतात. इथे तो मिळतो महाग आणि बहुतेक वेळा खवट. अक्रोडाचं साल तुरट, दूध जांभळट दिसतं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला आणि आज सत्तरी तालुक्यात डोंगरच्या डोंगर काजूचे आहेत, तर आपण पेकान कशाला शोधायचा? दुकानात डब्ल्यू-320 लिहिलेलं असतं ते म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर बसतात असे अख्खे काजू. ते पाहुण्यांपुढे ठेवा. आपल्याला मिक्सरमध्येच घालायचे आहेत, तुकडा घ्या, खिशाला बरा. बागायतीतल्या कच्च्या बिया मात्र घरी फोडायला जाऊ नका. सालातलं तेल कातडी जाळतं.

काजूला मुळात वास कमी, गोडी जास्त. ‘नट’ची चव हवी तर भाजायलाच हवा. दोन कपांसाठी अर्धी वाटी, म्हणजे 60-70 ग्रॅम तुकडा कोरडाच, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत भाजा. कडा सोनेरी झाल्या, खोबऱ्यासारखा खरपूस वास सुटला की बस. सजावटीसाठी चमचाभर बाजूला काढा. बाकीचे गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी फेका, आणि 400 मिली ताज्या पाण्यासोबत मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा. आधी थोड्या पाण्यात वाटायचं, मग बाकीचं घालायचं. एकदम सगळं ओतलं तर तुकडे भोवऱ्यासारखे फिरतात आणि वाटलेच जात नाहीत. पातळ कपड्यातून गाळा. चोथा टाकू नका. आमच्याकडे तो चवळीच्या टोणकात, म्हणजे वाटण घातलेल्या उसळीत, जातो आणि घरचे विचारतात, आज वाटण एवढं मऊ कसं?

काजूत पिष्ट असतं, त्यामुळे हे दूध तापवलं की दाटतं. उकळलंत तर खीर होईल. बारीक आच, चमचा फिरता ठेवायचा, कडेला वाफ दिसली की उतरवायचं. दाट झालंच तर गरम पाणी घाला, काही बिघडत नाही. गाईचं दूध हवं असेल तर निम्मं-निम्मं करा, पण मग गुळाची काळजी घ्या: गूळ घालून दूध पुन्हा उकळायला ठेवलंत तर फाटेल.

कॉफीवर फार भाषण करणार नाही. घाटापलीकडची चिकमगळूर किंवा कूर्गची पूड गोव्यात सगळीकडे मिळते. पुडीत मिसळलेली चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, वीस टक्क्यांपर्यंत ठीक, त्याच्या वर गेली की चिकोरी आणि गूळ मिळून सगळं काळं, जड लागतं. स्टीलच्या फिल्टरमध्ये तीन चमचे भरून पूड, हलकी दाबून, वर 120 मिली कढत पाणी, आणि वीस मिनिटं फिल्टरला हात लावायचा नाही. खाली उतरतो तो कडक अर्क म्हणजे डिकॉक्शन. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, असेल तर उत्तमच. इन्स्टंट असेल तर दोन चमचे पाव कप गरम पाण्यात घोळून घ्या. कॅफेवाले नाक मुरडतील, पण या पाकासोबत तीही बरी लागते. फिकट भाजलेली, आंबट कॉफी मात्र नको, काजूचं दूध तिच्यात फुटतं.

जुळवणी अशी. कपात आधी एक मोठा चमचा पाक, त्यावर 50 मिली गरम डिकॉक्शन, आणि नीट ढवळा. पाक तळाशी बसला तर शेवटचा घोट गोडमिट्ट आणि पहिला कडू. मग 120 मिली गरम काजूचं दूध वरून, सावकाश. दूध कपात ओतायच्या आधी रवीने घुसळा, लाकडी रवी हातात धरून पाव मिनिट फिरवली की छान फेस धरतो. त्यासाठी बॅटरीचं यंत्र घ्यायची गरज नाही. वर बाजूला ठेवलेले काजू जाडसर कुटून, दोन कण मिठासोबत. ते मीठ घालाच, गुळाची चव त्याने वर येते. गोडी आवडीप्रमाणे वाढवा, पण ‘गूळ आहे, साखर थोडीच आहे’ म्हणून तीन चमचे ओतू नका. साखरच आहे ती, फक्त माडावरून उतरलेली. आमच्याकडे ह्यांना रक्तातल्या साखरेची गोळी आहे, त्यांना अर्ध्या चमच्यात भागवावं लागतं आणि ते रोज तक्रार करतात.

एप्रिल-मे मध्ये हे गरम कोण पिणार? तेव्हा पाक गरम डिकॉक्शनमध्येच विरघळवून मग थंड करा, बर्फात थेट घातलेला पाक गोळा होऊन बसतो. झाकणाच्या बरणीत कॉफी, फ्रीजमधलं काजूचं दूध आणि चार बर्फाचे खडे घालून जोरात हलवा आणि उंच ग्लासात ओता. काजूचं दूध दोन दिवसांच्या वर ठेवू नका, आणि उकाड्यात तर दुसऱ्या दिवशीच वास घेऊन बघा. पाण्याचा थर वेगळा झाला तर तो बिघाड नाही, बाटली हलवली की एकजीव होतं. आंबूस वास आला तर मात्र सरळ माडाच्या मुळाशी ओता.