घराशेजारची जमीन विकायला निघाली तर

घराला लागून जमीन पुन्हा मिळणार नाही, या धास्तीने लोक आधी विसार देतात आणि सातबारा नंतर बघतात. क्रम उलटा ठेवा.

सातबाऱ्यावर आधी भूधारणा पद्धत पाहा. भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार नको. मग 'इतर हक्क' रकाना सावकाश वाचा: कुळाचं नाव, बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथेच सापडतं. जुने फेरफारही (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. वारस नोंदीत बहिणींची नावं राहून गेली असतील तर पुढे दावा ठरलेलाच. त्यांची संमती खरेदीखतावर सहीनेच हवी, तोंडी नको.

शेतजमीन असेल तर तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

बांध दाखवून सांगितलेल्या क्षेत्रावर विसंबू नका. भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी विक्रेत्याला करायला लावा आणि दर प्रत्यक्ष भरलेल्या गुंठ्यांवर ठरवा (1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट). मोजणीत कधी आपलंच कुंपण पलीकडे गेलेलं निघतं. तेही आधीच कळलेलं बरं.

रस्ता नकाशावर आहे की नुसती वहिवाट, हे विचारा. आणि जमीन भर पावसात एकदा बघाच; वरच्या शेताचं पाणी कुठून उतरतं ते उन्हाळ्यात दिसत नाही.