मोटर सारखी चालू-बंद होते? आधी प्रेशर टाकीतली हवा तपासा

एक नळ अर्धवट उघडला तरी विहिरीची मोटर दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल, तर लगेच मोटर बदलायला काढू नका. दोष बहुधा प्रेशर टाकीत असतो. मात्र दुरुस्ती लांबवू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. तो झटका सारखा बसला की वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं आणि दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचे पॉइंट जळतात.

पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. टाकीत रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा असते. मोटर बंद असताना नळाला पाणी ढकलते ती हीच हवा. ती कमी झाली की घोटभर पाण्यातच दाब चढतो आणि उतरतो.

१. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन क्षणभर दाबा. हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटला आहे. मग हवा भरून उपयोग नाही. पडदा किंवा टाकी बदलावी लागते.

२. फक्त हवाच आली तर मेन स्विच बंद करा, टाकीजवळचा खालचा नळ उघडा आणि पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर येऊ द्या. नळ उघडाच ठेवा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि तिथेच फसतात: टाकीत पाणी असताना हवेचा दाब मोजला तर पाण्याचाच दाब दिसतो, हवा पुरेशी आहे असं वाटतं.

३. आता टायरच्या गेजने हवा मोजा. मोटर ज्या दाबाला चालू होते, त्यापेक्षा ती २ पीएसआय (दाबाचं एकक) कमी हवी. प्रेशर स्विच ३०/५० चा (३० ला चालू, ५० ला बंद) असेल तर २८, ४०/६० चा असेल तर ३८. कमी असेल तर सायकलच्या पंपाने थोडी थोडी भरा. जास्त भरलीत तर मोटर सुरू होण्याआधीच टाकी रिकामी होते आणि नळाची धार मध्येच तुटते.

४. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पिन बदला. मग नळ बंद करून मोटर लावा.

सगळे नळ बंद असतानाही मोटर सुरू होत असेल, तर गळती शोधायला हवी. टाकीनंतरचा मेन कॉक बंद करून गेज बघत राहा. काटा थांबला तर गळती घरात आहे. फ्लशची टाकी आधी तपासा. काटा उतरतच राहिला तर बहुधा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) किंवा फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपच्या टोकाचा तसाच व्हॉल्व्ह) पाणी मागे सोडतोय.

प्रेशर स्विचखालची बारीक नळी गाळाने तुंबली तरी स्विचला दाब उशिरा कळतो. वीज बंद करून, दाब उतरवून ती साफ करा.

हे सगळं ठीक असेल तर टाकीच लहान आहे. ३०/५० वर १०० लिटरच्या टाकीतून एका वेळी जेमतेम ३० लिटर पाणी मिळतं. मोटर एकदा सुरू झाली की निदान मिनिटभर चालायला हवी. म्हणजे मिनिटाला २० लिटर देणाऱ्या पंपाला साधारण ७० लिटरची टाकी लागते.