उभ्या विमानात उंदीर शिरू नयेत म्हणून

उंदीर विमानात चढतो तो बहुधा चाकावरून, नाहीतर बांधलेल्या दोरावरून. प्रत्येक चाकाभोवती गुळगुळीत पत्र्याचं साधारण ४५ सेंमी उंच कडं उभं करा. ते टायरला टेकलं तर आयती शिडीच. दोरांत पत्र्याच्या रुंद चकत्या ओवा. छोट्या उंदराला ६ मिमीची फटही पुरते, म्हणून इंजिनाची हवेची तोंडं बुचांनी बंद करा. बुचाला लाल फीत हवीच, उड्डाणाआधी विसरायला नको. विमानात विष ठेवू नका, उंदीर पंखात मरून पडतो. सापळे चाकांजवळ जमिनीवर.

लेंड्या दिसल्या तर उड्डाण रद्द. तपासणीची झाकणं उघडून वायरी, कंट्रोल केबल, पुली पाहा. नुसतं घरटं काढून भागत नाही: मूत्राने अ‍ॅल्युमिनियम गंजतं. हातमोजे घालून, जागा ओली करून पुसा. कोरडं झाडू नका. मग मेकॅनिकला दाखवा.