प्रेग्नन्सीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बीपी: गोळ्या कशा घ्यायच्या, लक्ष कुठे ठेवायचं

ब्लड रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल आलं की आपण म्हणतो चला, सुटलो. मीही तेच म्हणाले होते. पण रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा कमी पडूच देत नाही, खाण्यातून आलं नाही तर हाडांतून काढून भरतं, त्यामुळे रिपोर्टवर 9 आलं म्हणजे पोटात पुरेसं जातंय असं काही नाही. उलट प्रेग्नन्सीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) उतरतं म्हणून टोटल कॅल्शियम जरा कमी दिसतं, तेवढ्यावरून घाबरू नका.

रिपोर्टपेक्षा आधी दिवसभरात काय खाता ते बघा. गरज 1000 मिलिग्रॅमच्या आसपास, एक मोठा कप (250 मिली) दूध म्हणजे साधारण 300. खूप कमी पडलं की पॅराथायरॉइड हार्मोन आणि रेनिन (शरीरातली कॅल्शियम आणि बीपी सांभाळणारी रसायनं) वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं, असं मानलं जातं. अर्थात प्रीएक्लाम्पसियाचं (प्रेग्नन्सीत बीपी वाढून होणारा गंभीर आजार) मूळ बरंचसं वारेत (प्लासेंटात) असतं, म्हणजे कॅल्शियम घेतलं की झालं असंही नाही.

ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम कमी असतं त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटना गोळ्यांतून दिवसाला 1.5 ते 2 ग्रॅम कॅल्शियम सांगते, आणि 2024 मध्ये आलेल्या भारत आणि टांझानियातल्या अभ्यासात 500 मिलिग्रॅमनेही प्रीएक्लाम्पसियाच्या बाबतीत 1500 इतकंच काम झालेलं दिसलं. तुमचा डोस डॉक्टरच ठरवतील, पण स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचा! कॅल्शियम कार्बोनेट 1250 लिहिलं असेल तर खरं कॅल्शियम 500 च, कारण कार्बोनेटमध्ये ते 40 टक्केच असतं. ही गोळी जेवणासोबत घ्या, एका वेळी 500 च्या वर नको. आयर्नची गोळी सोबत गिळू नका, दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, नाहीतर आयर्न नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून 4 तास लांब. किडनी स्टोन झाला असेल तर आधी सांगा.

मॅग्नेशियमचा घोळ मात्र सगळ्यांचाच होतो. हॉस्पिटलात प्रीएक्लाम्पसियात फिट्स येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात, आणि ते जबरदस्त आहे, 2002 च्या मोठ्या ट्रायलमध्ये एक्लाम्पसियाचा (म्हणजे याच फिट्सचा) धोका निम्म्यावर आला होता, पण म्हणून घरी मॅग्नेशियमच्या गोळ्या खाऊन बीपी वाढायचं थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. झिंक, सेलेनियमचंही तेच, मनाने सुरू करू नका. आणि मीठ एकदम बंद करायचीही गरज नाही, त्याने प्रीएक्लाम्पसिया टळत नाही.

आधी प्रीएक्लाम्पसिया झालेला असेल, जुळं असेल, किडनीचा त्रास किंवा डायबिटिस असेल तर प्रीएक्लाम्पसियाचा धोका कमी करणाऱ्या लो डोस ॲस्पिरिनबद्दल 16 आठवड्यांच्या आत डॉक्टरांना विचारा, हे विचारायला उशीर होतो बऱ्याच जणींचा.

घरी बीपी मोजताना 5 मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, कफ दंडाच्या मापाचा, मध्ये बोलू नका. 140/90 किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी फोन, 160/110 आलं तर सरळ हॉस्पिटल. आणि न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यातलं काहीही असेल तर आकडा नॉर्मल असला तरी निघा, आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे हे लक्षात ठेवा, कारण तेव्हाही होऊ शकतं.