फिजिक्सचं गणित अडलं की मदत कशी मागावी

अकरावी सायन्सला गेलेल्या पुष्कळ मुलांना पहिला धक्का बसतो तो फिजिक्सच्या न्यूमरिकल्सचा. नववीत ‘गतीचे नियम’ झालेले असतात, दहावीत ‘गुरुत्वाकर्षण’ झालेलं असतं, सूत्रं तोंडपाठ असतात, तरी धड्याखालचं तिसरं-चौथं गणित काही सुटत नाही. मग पुस्तकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर पडतो आणि खाली एक ओळ येते, ‘कोणीतरी सॉल्व्ह करून द्या ना’. कोणीतरी देतंही. ते वहीत उतरतं, आणि त्याच जातीचं पुढचं गणित पुन्हा तिथेच अडतं. मदत जरूर मागावी, अगदी रोज मागावी. मात्र मागण्याआधी थोडी तयारी केली, तर समोरच्याच्या पाच मिनिटांतून तुम्हाला अख्खा धडा उलगडू शकतो.

पहिली पायरी : गणितातले शब्द सोडवा

आकडे बघून सूत्र शोधायला धावू नका. फिजिक्सच्या गणितात निम्मी माहिती आकड्यांत असते, उरलेली शब्दांत दडलेली असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीत सगळं इंग्रजीत वाचावं लागतं, त्यामुळे हे शब्द सहज निसटतात. पृष्ठभाग ‘स्मूथ’ आहे म्हणजे घर्षण शून्य. दोरी ‘लाइट’ आहे म्हणजे तिचं वस्तुमान धरायचं नाही. ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे दोरी ताणली जात नाही, म्हणून तिच्या दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांच्या त्वरणाचं मूल्य सारखंच. ‘स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘जस्ट बिगिन्स टु स्लाइड’ म्हटलं की स्थितिक घर्षण (वस्तू घसरायला लागण्याआधीचं) आपल्या कमाल मर्यादेला पोचलेलं आहे. अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि त्यातून मिळालेली माहिती शेजारी लिहा. कितीतरी गणितं इथेच मोकळी होतात आणि कोणाला विचारायची गरजच उरत नाही.

दुसरी पायरी : आकृती काढा, एकके जुळवा

प्रत्येक वस्तू वेगळी काढून तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवा, म्हणजे आपण जिला एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम) म्हणतो ती आकृती. कोणती दिशा धन मानली तेही लिहा. वेग किलोमीटर प्रति तासात दिला असेल तर ५/१८ ने गुणा. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. कॅल्क्युलेटर वापरत असाल तर तो डिग्रीवर आहे का हे बघा. रेडियनवर राहिला तर साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येतं आणि तासभर चूक सापडत नाही. (बारावीच्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तेव्हा घरीही त्याचीच सवय लावलेली बरी.)

तिसरी पायरी : नेमकं कुठे अडलं ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं काम हेच. एक गणित घेऊ. ३०° चा उतार, त्यावर २ किलोचा ठोकळा, गतिज घर्षण गुणांक (घसरताना घर्षण हे पृष्ठभागावरच्या लंब बलाच्या किती पट ते) ०.२, गुरुत्व त्वरण १० मी/से². ठोकळा घसरताना त्याचं त्वरण किती?

समजा तुम्ही असं सोडवलं : वजन २० न्यूटन. त्याचा उताराच्या दिशेचा घटक २० × ०.५ म्हणजे १० न्यूटन. घर्षण ०.२ × २० म्हणजे ४ न्यूटन. उरलं ६ न्यूटन बल, म्हणून त्वरण ३ मी/से². पुस्तकात मात्र उत्तर आहे ३.२७.

आता ‘उत्तर जुळत नाही’ एवढं म्हणून थांबू नका. पुस्तकातलं त्वरण जास्त आहे, म्हणजे तुम्ही घर्षण जास्त धरलंय किंवा उताराच्या दिशेचा घटक कमी धरलाय. १० न्यूटनचा घटक तर बरोबर दिसतो. म्हणजे संशय घर्षणावर. त्याची एक कसोटी लावा : उतार वाढवत ९०° वर न्या. आता ठोकळा भिंतीला नुसता लागून खाली पडतोय, त्याला कोणीही भिंतीवर दाबत नाही. तुमच्या पद्धतीने तिथेही ४ न्यूटन घर्षण उरतं आणि त्वरण ८ येतं. दाबच नाही तर घर्षण कुठून आलं? म्हणजे पृष्ठभागावरचं लंब बल, आपला नॉर्मल, पूर्ण वजनाएवढा धरण्यात गडबड आहे. तो वजन गुणिले कॉस ३०° हवा : २० × ०.८६६ म्हणजे सुमारे १७.३ न्यूटन. घर्षण ३.४६, उरलेलं बल ६.५४, त्वरण ३.२७.

टोकाची स्थिती घेऊन बघण्याची ही युक्ती मला सूत्रांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते. कोन शून्य करा, कोन ९०° करा, घर्षण काढून टाका, एक वस्तुमान खूप मोठं करा, आणि उत्तर शहाण्यासारखं वागतंय का ते पाहा. आणखी एक : पुस्तकाने गुरुत्व त्वरण ९.८ धरलं असेल तर याच गणिताचं उत्तर ३.२० येतं. एवढ्याशा फरकाने घाबरून पद्धत बदलू नका.

चौथी पायरी : प्रश्न लिहा

इतकं करूनही अडलं तर विचारा, आणि असं विचारा :

‘सर, नमस्कार. उतारावरच्या ठोकळ्याच्या गणितात मला त्वरण ३ येतंय, पुस्तकात ३.२७ आहे. पूर्ण गणित आणि माझी आकृती सोबत पाठवतोय. मला वाटतं घर्षण काढताना चुकतंय, कारण ९०° ला घर्षण शून्य यायला हवं आणि माझं येत नाही. पूर्ण सोडवू नका, फक्त नॉर्मल कसा ठरवायचा ते सांगाल का?’

असा निरोप वाचताच सरांना कुठून सुरुवात करायची ते कळतं. मूळ गणित शब्दशः द्या; आपल्या शब्दांत सांगताना बऱ्याचदा नेमकी महत्त्वाची अट गळते. फोटो सरळ, उजेडात काढलेला असावा.

पाचवी पायरी : कोणाला विचारायचं

कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना तास संपल्यावर, क्लासच्या डाउट सेशनमध्ये, बारावीतल्या ताई-दादांना. वर्गातला जो मित्र स्वतः झगडून ते गणित सोडवून बसलाय, तो कधीकधी सगळ्यांत चांगलं समजावतो, कारण कुठे घसरायला होतं ते त्याला ताजं आठवत असतं. गती आणि बलाची गणितं डोळ्यांपुढे येत नसतील तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातले खेळ वापरा; ते मोफत आहेत. घर्षण कमी-जास्त करून ठोकळा कसा वागतो ते तिथे स्वतः बघता येतं.

चॅटबॉटला विचारायचं असेल तर सुरुवातीलाच बजावा : ‘उत्तर देऊ नकोस, माझ्या कोणत्या ओळीत चूक आहे तेवढं सांग.’ तो चुकीचं चिन्ह किंवा चुकीचा गुणाकारही तितक्याच ठामपणे सांगतो, म्हणून त्याच्या उत्तरालाही वरची टोकाची कसोटी लावा आणि एकके तपासा.

सहावी पायरी : मदत मिळाल्यावर

समजलं असं वाटलं की लगेच वही मिटा आणि कोऱ्या कागदावर तेच गणित पहिल्यापासून सोडवा. मध्ये अडलात तर तेवढीच ओळ बघा, पुन्हा मिटा. दोन दिवसांनी आकडे बदलून करा : उतार ४५°, गुणांक ०.३. मग थोडं वळण द्या. ठोकळ्याला उतारावरून वर ढकललं तर घर्षणाची दिशा कोणती? तोच ठोकळा एकसमान वेगाने घसरायचा असेल तर गुणांक किती हवा? (कोनाच्या टॅन्जंटइतका, म्हणजे ३०° ला सुमारे ०.५८.) वहीच्या मागच्या पानावर एक ओळ टिपून ठेवा, ‘नॉर्मल नेहमी वजनाएवढा नसतो’ अशी. परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण वही चाळण्यापेक्षा या ओळी वाचा. आणि ज्यांनी मदत केली त्यांना गणित सुटल्याचं कळवा. पुढचा डाउट विचारायला तुम्हालाही संकोच वाटणार नाही.