पिकोला एसडी कार्ड जोडताना: आधी मॉड्यूल ओळखा, मग वायर लावा

रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर फ्लॅश मेमरी असते अवघी २ एमबी. महिनोन्महिने तापमानाच्या नोंदी ठेवायच्या तर एसडी कार्ड लागतंच. वायरी जोडायच्या सहाच, आणि त्यातली खरी डोकेदुखी एकच: व्हीसीसी, म्हणजे वीज आत घेणारी पिन.

कार्ड २.७ ते ३.६ व्होल्टवर चालतं. पिकोच्या पिनाही ३.३ व्होल्टच्या. म्हणजे दोघांची पत्रिका जुळलेलीच आहे, घोळ घालतो तो मधला अ‍ॅडॉप्टर, म्हणजे कार्ड बसवायचं मॉड्यूल.

म्हणून आधी मॉड्यूल उजेडात धरून नीट बघा. सहा पिनांचं निळं, स्वस्तातलं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. ते मुळात ५ व्होल्टच्या अर्डुइनो उनोसारख्या बोर्डांसाठी बनवलेलं. त्यावर एका बाजूला तीन पाय आणि दुसऱ्या बाजूला एक रुंद पट्टी असलेला काळा चौकोनी भाग असतो, बहुधा १११७ आकडा छापलेला. हा रेग्युलेटर, आलेले ५ व्होल्ट उतरवून ३.३ वर ठेवणारा. शेजारी १४ पायांची चिप दिसते, ती ५ व्होल्टचे सिग्नल ३.३ वर आणते. दुसरा प्रकार अगदी साधा: कार्डाची खोबण, दोन-चार रेझिस्टर, बस.

अक्षरं पुसट असतील तर मल्टीमीटर बीपवर ठेवा. एक टोक मॉड्यूलच्या व्हीसीसीला, दुसरं खोबणीतल्या चौथ्या संपर्काला. मोठं एसडी असो की मायक्रोएसडी, कार्डाला वीज चौथ्याच पिनेतून मिळते. बीप वाजला तर मधे काही नाही, मॉड्यूल साधं आहे. नाही वाजला तर मधे रेग्युलेटर बसलाय.

साधं मॉड्यूल असेल तर व्हीसीसी पिकोच्या ३६ नंबरच्या पिनेला, म्हणजे ३.३ व्होल्टच्या आऊटपुटला जोडा. त्याच रांगेच्या टोकाला, ४० नंबरवर, यूएसबीचे ५ व्होल्ट असतात. चुकून तिथे वायर गेली तर कार्ड जळू शकतं. पिना मोजताना घाई नको.

रेग्युलेटरवालं मॉड्यूल असेल तर मात्र भले भले फसतात. ‘बोर्ड ३.३ चा, मग वीजही ३.३ चीच द्यावी’ हा विचार सरळ वाटतो. मीही तेच केलं आणि दोन संध्याकाळी कोड तपासत बसलो. कार्ड कधी ओळखलं जायचं, पण लिहायला घेतलं की गप्प. शेवटी रेग्युलेटरच्या रुंद पट्टीवर मीटर टेकवला (आऊटपुट तिथेच मिळतं) तर आकडा २.२! हा रेग्युलेटर एक व्होल्टहून जास्त स्वतःच खातो, त्यामुळे कार्ड उपाशी राहतं. अशा मॉड्यूलच्या व्हीसीसीला ४० नंबरचे ५ व्होल्टच द्यायचे. सिग्नलची चिप रेग्युलेटरनंतरच्या ३.३ वर चालते, त्यामुळे पिकोकडे ५ व्होल्ट येत नाहीत.

तरी नुसत्या विश्वासावर जाऊ नका. आधी फक्त व्हीसीसी आणि ग्राउंड जोडा, कार्ड घाला, पट्टीवर ३.३ येतंय का पाहा. मग मॉड्यूलची मिसो पिन (कार्डाकडून पिकोकडे डेटा नेणारी) मोजा. तिथे ३.३ च्या वर आकडा दिसला तर ते मॉड्यूल बाजूला ठेवा. आणि पिको बॅटरीवर चालवायचा असेल तर ४० नंबरवर काहीच येत नाही, तेव्हा साधं मॉड्यूलच घ्या.

आता यूएसबी काढून बाकीच्या चार वायरी लावा. मिसो जीपी १६ ला, सीएस (कार्ड निवडणारी) जीपी १७ ला, एससीके (ठोका देणारी) जीपी १८ ला, मोसी (पिकोकडून कार्डाकडे डेटा नेणारी) जीपी १९ ला. जीपी हे पिनेचं नाव, ३६ किंवा ४० सारखा मोजायचा नंबर नव्हे. सिरियल जोडणीत एकाची पाठवणारी वायर दुसऱ्याच्या घेणारीला जाते, तशी इथे अदलाबदल नसते, मिसो ती मिसोच. वायरी १०-१५ सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत.

लिहिताना कार्ड १०० मिलीअँपिअर किंवा त्याहून जास्त ओढू शकतं. साध्या मॉड्यूलवर व्हीसीसी आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, जोडीला ०.१ चा. सीएसवरून ३.३ ला एक १० किलोओहमचा रेझिस्टरही द्या, म्हणजे बोर्ड सुरू होताना कार्ड उगाच जागं होत नाही.

निळ्या मॉड्यूलची आणखी एक खोड: त्यातली चिप मिसोची लाइन सोडतच नाही. त्याच एसपीआयवर (याच चार वायरींच्या मार्गावर) दुसरा सेन्सर असेल तर दोघांची ओढाताण होते. सेन्सर पिकोच्या दुसऱ्या एसपीआयवर न्या, वाद मिटतो.

कार्ड ३२ जीबीपर्यंतचं घ्या आणि एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, आणि मायक्रोपायथनच्या (पिकोवर चालणाऱ्या छोट्या पायथनच्या) नेहमीच्या फर्मवेअरला ती वाचता येत नाहीत. कार्डाशी पहिली ओळख १०० ते ४०० किलोहर्ट्झवर होते. गडबड वाटली तर नंतरचा वेगही आधी कमीच ठेवा, सगळं जमल्यावर वाढवा.

पहिल्या चाचणीला एकच ओळ लिहा, फाइल बंद करा, यूएसबी काढा आणि मगच कार्ड बाहेर काढून संगणकावर उघडून पाहा. वीज चालू असताना कार्ड ओढलं तर फाइल अर्धवट राहते, कधी कधी सगळं फॉरमॅटच बिघडतं.